पीक कापणी प्रयोग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०२५च्या खरिपापासून महाराष्ट्रात पीकविम्याची भरपाई महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरू लागली. एक रुपयातली योजना संपली आणि गारपीट-अतिवृष्टीची स्वतंत्र तक्रार करून मिळणारी भरपाईही बंद झाली. त्यामुळे मंडळाची सरासरी काढण्यासाठी दोरी, खुंट्या आणि वजनकाटा घेऊन शेतात होणाऱ्या पीक कापणी प्रयोगाला छत्रपती संभाजीनगरच्या नऊही तालुक्यांत पूर्वीपेक्षा जास्त महत्त्व आलं आहे. या प्रयोगाबद्दल पारावर ऐकू येणाऱ्या काही समजुती तपासून पाहू.

गैरसमज: मंडळात हजारो शेतं, प्रयोग मात्र मोजके. त्यातून काय कळणार?

वस्तुस्थिती: केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका पिकासाठी तालुक्याला किमान १६ आणि मंडळाला किमान १० प्रयोग लागतात. अंदाजाची अचूकता एकूण शेतं किती यावर फारशी ठरत नाही. शेताशेतांतला फरक किती आणि प्रयोग किती, यावर ती ठरते. हा फरक सरासरीच्या ४० टक्के धरला, तर १० प्रयोगांच्या सरासरीत साधारण १३ टक्क्यांची चूक संभवते. ती निम्मी करायची तर २० प्रयोग पुरत नाहीत, ४० लागतात. दहा प्रयोग म्हणजे थट्टा नव्हे, पण अंदाज ढोबळच राहतो. त्यातला एक प्रयोग बिघडला तरी सरासरी हलते.

क्षेत्र आधी भागांत वाटून घेण्याचं कारणही शेताशेतांतला हा फरकच. कालव्याचं पाणी मिळणारा पैठणचा पट्टा, वैजापूरची कोरडवाहू बाजरी आणि अजिंठ्याच्या डोंगराखालचं सोयगाव यांची एकच सरासरी काढली, तर ती कुणाचीच खरी नसेल.

गैरसमज: सरासरी पीक असलेलं शेत बघून निवडलं की काम सोपं होईल.

वस्तुस्थिती: ‘सरासरी’ कोणाच्या नजरेतली? कर्मचारी, विमा कंपनी, शेतकरी, प्रत्येकाची नजर वेगळीकडे झुकते. म्हणून आधी गाव, मग गट क्रमांक आणि शेवटी शेतातली जागा, असं सगळं यादृच्छिक आकड्यांनी ठरतं. प्लॉटची सुरुवात शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून मोजतात. शेत ८० मीटर लांब, ५० मीटर रुंद आणि प्लॉट ५ × ५ मीटरचा असेल, तर लांबीसाठी ७५पर्यंतचा आणि रुंदीसाठी ४५पर्यंतचा आकडा निघतो. समजा ३२ आणि १७ निघाले, तर तेवढं अंतर मोजून पहिली खुंटी ठोकायची.

गैरसमज: खुंटी नांगे पडलेल्या जागी आली तर थोडी सरकवावी.

वस्तुस्थिती: माती परीक्षणात असं सरकणं चालतं. तिथे बांधालगतची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची माती टाळायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. पीक कापणीत मात्र विरळ जागाही शेताच्या उत्पन्नाचा भाग असते. प्रत्येक वेळी चांगल्या पिकाकडे सरकलं की उत्पन्न फुगतं, आणि फुगलेलं उत्पन्न म्हणजे घटलेली भरपाई.

गैरसमज: प्लॉट लहान घेतला तर वेळ वाचतो, फरक पडत नाही.

वस्तुस्थिती: फरक पडतो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिलं, की फार लहान प्लॉट उत्पन्न जास्त दाखवतात. कडेवरची ताटं ‘आतली’ म्हणून कापली जातात, आणि लहान प्लॉटमध्ये क्षेत्राच्या मानाने कडच जास्त असते. बंगालमध्ये लहान प्लॉट वापरणाऱ्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी त्यांचे याच मुद्द्यावरचे मतभेद गाजले. आज प्लॉटचा आकार पिकानुसार आणि राज्यानुसार बदलतो. ५ × ५ मीटरचा प्लॉट देशात बराच रूढ आहे. तो हेक्टरचा चारशेवा भाग असतो. म्हणजे काट्यावर पाव किलोची चूक झाली की हेक्टरी एक क्विंटलचा फरक. कापसात तर प्रत्येक वेचणीचं वजन धरून बेरीज करावी लागते. एक वेचणी सुटली की आकडा फसला.

गैरसमज: माझं पीक गेलं, म्हणजे मला भरपाई मिळणारच.

वस्तुस्थिती: हिशेब मंडळाचा होतो, एका शेताचा नाही. मागच्या सात वर्षांतल्या उत्तम पाच वर्षांची सरासरी काढून, तिला जोखीमस्तराने गुणून उंबरठा उत्पन्न ठरतं. महाराष्ट्रात हा जोखीमस्तर ७० टक्के आहे. उंबरठा १० क्विंटल आणि मंडळाचं उत्पन्न ७ क्विंटल निघालं, तर त्या पिकाच्या प्रत्येक विमाधारकाला विमा रकमेच्या ३० टक्के मिळतात, मग त्याचं स्वतःचं उत्पन्न २ असो की १२. हा दोष नमुन्याचा नाही, योजनेच्या आखणीचा आहे.

गैरसमज: उपग्रह आले, आता कापणीची गरज नाही.

वस्तुस्थिती: २०२३च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पन्नात तंत्रज्ञानाच्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन देण्याचं धोरण आलं. पण उपग्रहाला हिरवेपणा दिसतो, दाण्याचं वजन दिसत नाही. त्याचं गणित जमिनीवरच्या कापणीशीच ताडून बघावं लागतं.

‘माझं शेत का घेतलं नाही?’ या प्रश्नातून फारसं काही हाती लागत नाही. प्रयोगाच्या दिवशी हजर राहून विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: गट यादृच्छिक आकड्यानेच निघाला का? खुंटी मोजलेल्या जागीच ठोकली का? काटा शून्यावर होता का, आणि पोत्याचं वजन वजा केलं का? उत्तर पटलं नाही, तर ग्रामस्तरीय समितीच्या सह्या होण्याआधी हरकत लेखी नोंदवा.