प्रोजेक्टर बंद करताना

कराडच्या शाळा-कॉलेजांत कार्यक्रम संपला की घाईत प्रोजेक्टरचं बटण थेट भिंतीवरून बंद होतं. तसं करू नये. जुन्या प्रोजेक्टरच्या दिव्यात प्रचंड दाबाखालची पाऱ्याची वाफ असते आणि काचनळी सुमारे 900 अंशांपर्यंत तापते. रिमोटचं बटण बहुधा दोनदा दाबल्यावर दिवा विझतो, पंखा मात्र मिनिट-दोन मिनिटं फिरत राहतो. तो थांबेपर्यंत वायर काढू नका, यंत्र हलवू नका. वीज अचानक गेली तर पंखाही थांबतो, म्हणून छोटा यूपीएस हवाच. उन्हाळ्यात तर नक्कीच. जाळीतली धूळ महिन्याला झाडा. एलईडी, लेझर यंत्रांना इतकं थांबावं लागत नाही.