पाय रुंद, बूट अरुंद
धावू लागताना : लेखांक ६

आठवड्याला किती किलोमीटर वाढवावेत, हे गेल्या लेखात पाहिलं. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो, बूट कोणते घेऊ? नवी मुंबईत पाम बीच रोडवर पहाटे वाशीहून बेलापूरकडे धावणाऱ्यांत, नेरूळच्या ‘ज्वेल’ तलावाला फेऱ्या मारणाऱ्यांत, खारघरच्या सेंट्रल पार्कात, सगळीकडे हा विषय निघतो आणि उत्तरादाखल कंपन्यांची नावं मिळतात. माझ्या मते नावाचा विचार सगळ्यात शेवटी करावा. आधी आपला पाय ओळखावा, आणि त्यातही आधी त्याची रुंदी.

आपल्याकडे पुष्कळांचं बालपण अनवाणी नाहीतर चपलेत जातं. पायाची बोटं मोकळी पसरतात, चवडा रुंद होतो. दक्षिण भारतात कायम अनवाणी चालणाऱ्यांच्या पावलांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. बूट घालणाऱ्यांपेक्षा त्यांचे पाय रुंद निघाले आणि चालताना पडणारा दाबही तळव्यावर अधिक सारखा विभागला जात होता. म्हणजे रुंद चवडा हा पायातला दोष मुळीच नाही. अशा पायांची धाव आपल्याकडे पूर्वीच दिसली होती. १९१९च्या सुमारास पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत दोराबजी टाटांनी शेतकऱ्यांची मुलं अनवाणी धावताना पाहिली आणि भारतीयांना ऑलिम्पिकला पाठवण्याची खटपट सुरू केली. त्यातूनच १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले.

अडचण सुरू होते ती दुकानात. आपल्याकडे बूट बहुधा ब्रिटिश मापात विकले जातात. ही मापं मुळात युरोपीय पावलांवरून ठरलेली. चवड्यापाशी बूट आवळतो असं म्हटलं, की विक्रेता एक नंबर मोठा जोड आणून देतो. ब्रिटिश मापात एक नंबर वाढला की लांबी सुमारे साडेआठ मिलिमीटर वाढते, रुंदी मात्र जेमतेम दोन-एक मिलिमीटर. चवड्याची तक्रार जरा कमी होते, पण पुढे रिकामी जागा राहते आणि टाच आत सरकू लागते. ती सरकू नये म्हणून आपण लेस करकचून बांधतो, मग पावलाची वरची बाजू दुखते. शिवाय बूट वाकतो ती जागा आणि आपला चवडा वाकतो ती जागा, या दोन्हींत फरक पडतो. पारसिक हिलचा किंवा खारघरच्या टेकडीचा उतार धावत उतरा, पाय पुढे घसरून नखं बुटाच्या टोकावर आपटतात आणि काळी पडतात. एवढं सगळं होतं ते रुंदीचं उत्तर लांबीत शोधल्यामुळे.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने नेमका हाच प्रश्न हाती घेतला. डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावलं त्रिमितीय स्कॅनरने मोजली गेली. भारतीय पाय युरोपीय पायांपेक्षा रुंद असतात, आणि अरुंद बूट मिळतात म्हणून लोक गरजेपेक्षा लांब बूट वापरतात, हे त्यातून पुढे आलं. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. माझ्या दृष्टीने गेल्या कित्येक वर्षांत पादत्राणांच्या बाबतीत झालेलं हे सर्वांत मोलाचं काम आहे. ते प्रत्येक दुकानाच्या फळीपर्यंत पोचायलाच हवं. तोवर रुंद बांधणीचा जोड मागून घ्या. असिक्स, ब्रूक्स, न्यू बॅलन्स या कंपन्या काही बूट ‘वाइड’ म्हणून वेगळे काढतात. पुरुषांच्या बुटांच्या खोक्यावर ‘टू-ई’ किंवा ‘फोर-ई’ अशी खूण असते.

दुकानात आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगितली जाते. तुमचा पाय सपाट आहे, कमान कमी आहे, तेव्हा आधाराचाच बूट घ्या. अमेरिकेने आपल्या लष्करातल्या नव्या भरतीवर हे तपासून पाहिलं. काहींना कमानीच्या आकारानुसार बूट दिले, इतरांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पायांच्या हालचालींवर आयुष्यभर काम केलेले कॅलगरी विद्यापीठातले बेन्नो निग यांनी २०१५ साली मांडलं, की पायाला जो बूट आरामशीर वाटतो तो बहुधा त्या पायाला योग्य असतो. त्यामुळे दुकानात आरशापुढे उभं राहून निर्णय घेऊ नका. दोन-तीन जोड पायात घालून थोडं धावून बघा. ‘वापरून वापरून सैल होईल’ असं ज्याच्याबद्दल सांगावं लागतं, तो जोड परत द्या. घोटा, गुडघा किंवा तळवा आधीपासून दुखत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

कार्बनच्या पट्टीचे महागडे बूट शर्यतीत वेळ कमी करणाऱ्यांसाठी आहेत. पहिल्या वर्षी त्यांची गरज नाही.

आता आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते, की आज भिजलेला बूट उद्या पहाटे ओलाच असतो. ‘वॉटरप्रूफ’ बुटाचा मोह टाळा. पाणी वरून, घोट्याकडून शिरतं आणि मग बाहेर पडत नाही. जाळीदार कापडाचा बूट भिजतो, पण निथळतोही. आतला तळ काढून वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि बूट पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात किंवा ड्रायरमध्ये ठेवलात तर डिंक सुटतो. परवडत असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरा. लक्झेंबर्गमध्ये २६४ धावपटूंच्या पाहणीत एकाहून अधिक जोड वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी आढळला. आणि पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं, तिथे झिजलेल्या तळाचा बूट घालून धावणं धोक्याचं. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर बूट बदलायला होतो. वरून तो नवा दिसतो, पण आतला फोम दबलेला असतो.

मोजायचं कसं? संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाय थोडा सुजतो. कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला लावून त्यावर दोन्ही पायांवर भार देऊन उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला तरी खुणा करायला सांगा. सगळ्यात लांब बोटापर्यंतची लांबी आणि चवड्याची सर्वांत रुंद जागा, अशी दोन मापं प्रत्येक पायाची. दोन पायांत फरक असतोच; मोठ्या पायाचं माप धरा. बुटात बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर जागा हवी, आणि करंगळी बाजूच्या कापडाला ताण न देता टेकायला हवी. दुकानात जाताना धावायचे मोजे घेऊन जा.

पुढच्या आठवड्यात मोजे आणि फोड यांविषयी लिहीन. तोवर घरातल्या सगळ्यांचे पाय मोजून आकडे लिहून ठेवा. आणि पालकांना एक कळकळीची विनंती : शाळेच्या शर्यतीत धावणाऱ्या मुलांना वाढत्या मापाचे बूट घेऊ नका. दर तीन-चार महिन्यांनी त्यांचा पाय मोजा आणि आज बसेल तोच बूट द्या.