वाळवंटातील ऐसपैस नगर

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील फीनिक्स हे नगर सोनोरा वाळवंटात वसले आहे. 1950 साली तेथे सुमारे 1 लाख 7 हजार वस्ती होती; 2020 च्या शिरगणतीत ती 16 लाखांवर गेली. माणसे तेथे का जातात, हे उघड आहे. हिवाळा सौम्य, आकाश निरभ्र, घराला अंगण, गर्दीचा जाच नाही.

परंतु या ऐसपैसपणाचे मोल द्यावे लागते. पाऊस वर्षाकाठी जेमतेम सात-आठ इंच. म्हणून कोलोरॅडो नदीचे पाणी पंपांनी उचलून 336 मैल लांबीच्या कालव्यातून आणावे लागते. नगर पसरले की बाजार, शाळा, दवाखाना लांब जातात आणि मोटारीवाचून चालत नाही. उन्हाळा तर असा, की 2023 साली सलग 31 दिवस दिवसाचा कमाल पारा 110 अंश फॅरनहाइटच्या खाली राहिला नाही. त्या वर्षी मॅरिकोपा कौंटीत उष्म्याने 645 माणसे दगावली. त्यांत बेघरांचा वाटा मोठा होता.

तात्पर्य, ज्याच्यापाशी मोटार आणि वातानुकूलित घर आहे, त्याला हे नगर सुखाचे. ज्याच्यापाशी ती नाहीत, त्याच्या ते जिवावर बेतते. म्हणून नगराची पारख करताना अंगण केवढे, एवढेच न पाहता, भर दुपारी पायी चालणाऱ्याला सावली किती, हेही पाहावे असे आम्हांस वाटते.