छत लोंबतं ते गोंदामुळे नव्हे

दहा-बारा वर्षं वापरलेल्या गाडीचं छताचं कापड मध्येच फुगतं, मग मागे बसणाऱ्याच्या डोक्याला लागू लागतं. गोंद सुटला असं समजून मालक टाचण्या टोचतो, नाहीतर सिरिंजने कापडाआड गोंद सोडतो. कापड पुन्हा लोंबतंच, वर डाग पडतात ते वेगळे.

सुटलेल्या कापडाच्या पाठीवरून बोट फिरवा. हाताला चिकटसर, पिवळट-तपकिरी भुकटी लागेल. हा मेलेला फोम. छताला आतून दाबून घडवलेल्या तंतूंचा कडक साचा असतो, त्यावर काही मिलिमीटर जाडीचा पॉलियुरेथेन फोम आणि या फोमला कारखान्यातच जोडलेलं कापड. साच्यालगतचा गोंद बऱ्याचदा शाबूत असतो, कापडही धड असतं. मोडतो तो मधला फोम. भुकटीवर गोंद ओतला, तर तो धरणार कशाला?

ओटो बायर यांनी जर्मनीत १९३७ साली शोधलेल्या या रसायनाच्या फोमात दोन मुख्य जाती आहेत. पॉलिएस्टर जातीतले एस्टर बंध हवेतल्या बाष्पाने तुटतात. तुटताना आम्ल तयार होतं आणि ते उरलेले बंध आणखी झपाट्याने तोडतं. म्हणून वर्षानुवर्षं काही दिसत नाही आणि मग एखाद्या मोसमात सगळं छत खाली येतं. पॉलिइथर जात बाष्पाला बरीच पुरून उरते, पण ऑक्सिजन आणि प्रकाशापुढे हरते. उष्णता दोघींची वैरीण. उन्हात उभ्या, बंद गाडीतली हवा तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी तापते. कोकणात त्यात दमटपणाची भर. कपाटात जपून ठेवलेल्या बुटांचे तळ अचानक चुरा होतात, तेही याच रोगाने.

तेव्हा दुरुस्ती म्हणजे साचा उतरवणं. हँडल, सनव्हायजर, दिवा, कडेच्या पट्ट्या काढाव्या लागतात. छताच्या कडेला पडदा-एअरबॅग असेल, तर हे काम जाणत्या मेकॅनिककडेच द्यावं. साचा बाहेर आला की तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने जुना फोम कणन् कण घासून काढायचा. कंटाळवाणं काम आहे, आणि घाई नेमकी इथेच होते. राहिलेल्या भुकटीवरचं नवं कापडही तिच्यासकट सुटून येतं.

गोंद उष्णता सोसणारा, स्प्रेने मारायचा. तो साच्यावर आणि नव्या फोमवर, दोन्हीकडे मारून द्रावक उडेपर्यंत थांबायचं. बोटाला ओला लागेनासा झाला की दोन्ही थर एकमेकांवर टेकवायचे. त्यातल्या रबराच्या लांब साखळ्या एकमेकींत शिरतात आणि पकड जवळपास तत्काळ बसते. कापड मागाहून सरकवता येत नाही, म्हणून अर्धं दुमडून मधल्या रेषेपासून कडेकडे तळहाताने बसवत न्यायचं. नुसतं, बिनफोमचं कापड स्वस्त पडतं. पण त्यातून गोंद पाझरतो आणि साच्याचा प्रत्येक उंचवटा वर उमटतो.