दोन रात्रींच्या प्रवासाची शिदोरी

भाऊबीज आटोपली की घरोघरी प्रवासाचे बेत सुरू होतात. कुणी काशीला निघतो, कुणी तिरुपतीला, तर कुणी परमुलखात नोकरीला असलेल्या मुलाकडे. तिकिटे निघतात, बॅगा भरतात. आणि निघायच्या आदल्या रात्री गृहिणीपुढे प्रश्न उभा राहतो, ‘बरोबर खायला काय घ्यायचे?’ ‘वाटेत मिळेल काहीतरी’ हे त्यावरचे हल्लीचे सोपे उत्तर. मिळते, नाही असे नाही. २०२३ साली सुरू झालेल्या मुंबई-सोलापूर ‘वंदे भारत’ गाडीत तर जेवण जागेवर येते. पण चौघांचे कुटुंब दोन रात्रींच्या प्रवासाला निघाले आणि वाटेत पाच जेवणे आली, म्हणजे वीस ताटे झाली. त्या वीस ताटांचा हिशेब ज्याचा त्याने मनाशी करून पाहावा!

हा प्रश्न आपल्या पूर्वजांना सुटलेला होता, याची साक्ष आपली भाषाच देते. प्रवासातील अन्नासाठी संस्कृतात ‘पाथेय’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि आपल्या ‘शिदोरी’ला तर माया, पुण्याई, आयुष्यभराचा अनुभव असे किती अर्थ येऊन चिकटले! लहानपणी गोष्टीतला राजपुत्र निघाला की त्याची आई त्याला तहानलाडू-भूकलाडू बांधून देई. त्या लाडवांची कृती कोणत्याच गोष्टीत सांगितलेली नसे. सोलापूरकरांनी मात्र आपल्यापुरता भूकलाडू फार पूर्वीच शोधून काढला आहे. त्याचे नाव कडक भाकरी.

आमचा जिल्हा रब्बी ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. या ज्वारीचे ताजे पीठ घ्यावे, कारण जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. कढत पाण्यात पीठ मळून भाकरी होईल तितकी पातळ थापावी. वर थोडे तीळ लावावेत. तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून झाली की नेहमीची भाकरी आपण ताटात घेतो. ही भाकरी तिथे थांबत नाही. ती पुन्हा मंद आचेवर ठेवून, फडक्याने दाबीत, सगळा ओलावा निघून पापडासारखी खडखडीत होईपर्यंत भाजायची. पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर ती कित्येक दिवस बिघडत नाही. सीमेपलीकडे विजापूर-कलबुर्गीकडे हीच भाकरी ‘खडक रोट्टी’ म्हणून घरोघर असते.

इथे मराठीच्या शिक्षिकेला एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. ‘बिस्किट’ या शब्दाच्या मुळाशी जे लॅटिन शब्द आहेत, त्यांचा अर्थ ‘दोनदा भाजलेले’ असा होतो. युरोपातले खलाशी महिनोन्‌महिने समुद्रावर ज्या कडक बिस्किटांवर काढीत, ती याच युक्तीने केलेली असत. म्हणजे आमची कडक भाकरी अर्थाने पाहिली तर बिस्किटच की!

युक्तीमागचे शास्त्र अगदी सरळ आहे. अन्न नासविणाऱ्या जंतूंना वाढायला पाणी लागते. फ्रीज त्यांना गारठवून त्यांची वाढ मंद करतो. शिदोरी त्यांचे पाणीच तोडते. पाणी तोडण्याचे मार्ग अनेक. भाजून ओलावा काढा, तळून काढा, नाहीतर मीठ-साखर घालून तो असा बांधून टाका की जंतूंच्या उपयोगी पडणार नाही. लिंबाच्या लोणच्यात मीठ आणि आंबटपणा दोन्ही पहारेकरी असतात. गूळपापडी, चिवडा, शंकरपाळे, मेतकूट हे दिवाळीच्या आसपासचे सगळे पदार्थ आठवून पाहा. त्यांत ओले असे काही सापडत नाही.

कडक भाकरीची जन्माची सोबतीण म्हणजे शेंगाचटणी. शेंगदाणे खमंग भाजून सोलावेत. लसूण, तिखट, जिरे व मीठ घालून उखळात किंवा खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटावे. मिक्सरमधून काढलेली चटणी भुरभुरीत होते, कुटलेली मऊ होते. प्रवासासाठी करताना लसूण आधी परतून कोरडी करून घ्यावी आणि पाण्याचा थेंबही लागू देऊ नये. दाणे मात्र पारखून घ्यावेत. बुरशी आलेले किंवा कडवट लागणारे दाणे निवडून टाकून द्यावेत. त्या बुरशीचे विष भाजल्याने पुरते जात नाही. चांगल्या शेंगदाण्यांत शंभर ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, तेव्हा हे केवळ तोंडीलावणे नव्हे, जेवणच आहे.

आता बांधणीकडे वळू. नियम एकच: जे आधी नासेल ते आधी खायचे. गाडीत बसल्यावरच्या पहिल्या जेवणाला पोळी आणि बटाट्याची कोरडी भाजी. त्यात कांदा व ओले खोबरे नको, आणि ती दोन तासांच्या आत संपवावी. दुसऱ्या जेवणाला तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे किंवा दशम्या. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवितात, त्यामुळे ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. जुन्या लोकांच्या सोवळ्यातही ती प्रवासात चालत असे. धपाट्यांत प्रवासापुरती मेथी घालू नये, पाल्याला पाणी सुटते. तिसऱ्या जेवणापासून पुढे कडक भाकरी, शेंगाचटणी, लोणचे आणि गूळ. एक किलो पिठाच्या साधारण पंधरा पातळ भाकऱ्या होतात. त्यांना पाव किलो दाण्यांची चटणी व पाव किलो गूळ जोडला की चौघांची दोन जेवणे सहज निघतात. स्टेशनवर केळी किंवा दही मिळाले तर घ्यावे. ज्यांना चावत नाही अशा वडीलधाऱ्यांसाठी भाकरी गरम दुधात नाहीतर वरणात चुरावी. ती लगेच मऊ होते.

पदार्थ गरम असताना डबा बंद करू नये. वाफेचे पाणी झाकणाला लागून परत अन्नावरच पडते, आणि दुपारपर्यंत पोळीला वास येतो. पोळ्या व दशम्या गार करून सुती फडक्यात गुंडाळाव्यात. कडक भाकरी मात्र हवाबंद डब्यात, नाहीतर पावसाळी हवेत ती सादळते. चटणीत ओला हात किंवा ओला चमचा घालू नये.

आणि भात? माझ्या मते भाताला प्रवासात नेऊच नये. शिजविल्यावरही भातात काही जंतूंची बीजे जिवंत राहतात. उबेत ती वाढतात आणि विष तयार करतात, ते पुन्हा गरम करूनही जात नाही. शिजलेले ओले अन्न बाहेर दोन तासांवर ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासावर नको, असा आरोग्यशास्त्राचा नियम आहे. सोलापूरचा मे महिना चाळिशी ओलांडतो, हे आपल्याला निराळे सांगायला नको.

या साऱ्याला पैशाची एक बाजू आहे. ती मला माझ्या वर्गाने दाखविली. काही वर्षांपूर्वी आम्ही मुलांना अंबेजोगाईला नेले होते. मुकुंदराजांची समाधी आणि दासोपंतांची पासोडी पाहायची होती. वाटेत बस एका हॉटेलपाशी थांबली. सगळे उतरले, मंगळवेढ्याकडच्या खेड्यातली एक मुलगी जागेवरच बसून राहिली. “मला भूक नाही, मॅडम,” ती म्हणाली. आठवडाभराच्या कडक भाकऱ्या गावाहून आणून खोलीवर राहणाऱ्या मुलीला भूक नव्हती, हे कोण खरे मानील? मी माझ्या पिशवीतले धपाटे काढले, आणि आम्ही दोघी तिथेच बसमध्ये जेवलो.

पुढच्या वर्षीच्या सहलीला मी नियम केला, की हॉटेल नाही, प्रत्येकाने शिदोरी आणायची. वर्गणी निम्म्याने उतरली आणि एरवी न येणारी सात-आठ मुले आली. दुपारी झाडाखाली पंगत बसली. त्या मुलीने फडक्याची गाठ सोडली आणि चटणीचा डबा हातोहात फिरला. संध्याकाळी परत निघताना एकाचा मसालेभात आंबलेला निघाला. तिच्या भाकऱ्या रात्री दहा वाजताही सकाळइतक्याच कुरकुरीत होत्या. ‘कशी करतात ग?’ म्हणून चारजणी तिच्याभोवती बसल्या. बाजूच्या सीटवरून मुलेही कान देऊन ऐकत होती, आणि त्याचा मला अधिक आनंद झाला.

कारण शिदोरीचा भार आजवर एकाच माणसाच्या डोक्यावर राहिला आहे. पहाटेच्या गाडीसाठी घरातली बाई तीन वाजता उठते, चाळीस पुऱ्या लाटते आणि गाडीत बसल्याबरोबर पेंगते. कडक भाकरी चार दिवस आधी होते. चटणी आठ दिवस आधी होते, आणि ती कुटायला घरातल्या पुरुषाचा हात अगदी योग्य आहे! ज्यांना थापायला जमत नाही त्यांनी भाकऱ्या विकत घ्याव्यात. सोलापुरात कितीतरी बाया घरी भाकऱ्या भाजून विकतात आणि त्यावर संसार चालवितात. त्यांच्याशी घासाघीस करू नये. दोनदा भाजायला आच दुप्पट लागते, आणि चुलीपुढे बसणेही दुप्पट.

तेव्हा यंदा प्रवासाला निघताना तिकिटांबरोबर शिदोरीचाही बेत चार दिवस आधी करा. निघायच्या रात्री डबे भरून दाराशी ठेवलेले असावेत आणि घरातली सगळी माणसे, ते डबे भरणारीसुद्धा, वेळेवर झोपलेली असावीत.