रांगेतली जागा : चतुर्थक, दशमक आणि शतमक शिकवताना

आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडले आणि त्या ओळीचे समान संख्येचे चार भाग पाडले, की भागांच्या सीमेवर जी तीन मूल्ये येतात ती चतुर्थके. दहा भाग पाडले तर सीमेवर नऊ दशमके येतात आणि शंभर भाग पाडले तर नव्व्याण्णव शतमके. दुसरे चतुर्थक, पाचवे दशमक आणि पन्नासावे शतमक ही तिन्ही एकच, म्हणजे नववी-दहावीत शिकलेला मध्यक. तेव्हा विद्यार्थ्याला नवे असे फारसे काही शिकायचे नसते. मध्यकासाठी त्याने ओळीत एक खूण केलेली असते, आता तशा आणखी काही करायच्या. तरीही अकरावीच्या वर्गात हा भाग रुक्ष सूत्रांचा ढीग होऊन बसतो. कारण एकच : ओळ लावण्याआधीच फळ्यावर सूत्र येते.

ओळ लावायला आकडे लागतात, आणि कोल्हापूरच्या कसबा बावड्यात ते पावसाळ्यात घरोघरी तोंडपाठ असतात. बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. जुलैतल्या अकरा सकाळींच्या पातळ्या, केवळ शिकवण्यासाठी कल्पून, चढत्या क्रमाने अशा घेऊ : १६, १८, २१, २४, २६, २९, ३१, ३४, ३८, ४१, ४५ फूट. नोंदवहीत त्या तारखेप्रमाणे वरखाली असतील. त्या क्रमाने लावण्याचे काम मुलांनीच करायचे आणि त्यात घाई करायची नाही, कारण पुढचे सगळे गणित त्यावरच उभे आहे. तारखेच्या क्रमातल्या आकड्यांवरच सूत्र चालवणे ही या प्रकरणातली सर्वांत सामान्य चूक.

राज्य मंडळाच्या पुस्तकातली रीत सोपी आहे. एकूण आकड्यांत एक मिळवायचा, बेरजेला चाराने भागायचे आणि येईल त्या क्रमांकाचा आकडा उचलायचा. अकरा अधिक एक बारा, त्याचा चौथा भाग तीन. म्हणजे तिसरा आकडा, २१ फूट, हे पहिले चतुर्थक. सहावा आकडा, २९ फूट, हा मध्यक आणि नववा, ३८ फूट, हे तिसरे चतुर्थक. दशमकासाठी चाराऐवजी दहाने भागायचे. सातव्या दशमकाचा क्रमांक सात गुणिले बारा भागिले दहा, म्हणजे ८.४ येतो. इथे वर्ग पहिल्यांदा अडखळतो, कारण आठ पूर्णांक चार दशांशावा दिवस असा कुठला नसतो. आठव्या आणि नवव्या आकड्यांतले अंतर चार फुटांचे आहे, त्यातला ०.४ भाग चालत पुढे जायचे : ३४ अधिक १.६, म्हणजे ३५.६ फूट. नव्वदावे शतमक याच रीतीने क्रमांक १०.८ वर, ४४.२ फुटांना मिळते. जाता जाता एक सावधगिरी : पाटबंधारे खात्याचे आकडे फूट-इंचात असतात. ३५.६ फूट म्हणजे ३५ फूट ६ इंच नव्हे, तर ३५ फूट ७ इंचांच्या थोडे वर. दशांश आणि इंच यांची गल्लत वर्गातच काय, बातम्यांतही दिसते.

याच ओळीवर आणखी एक प्रयोग करता येतो. शेवटची ४५ फुटांची नोंद खोडून तिथे ५६ लिहायचे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत पंचगंगेने इथे ५५ फूट ओलांडले होते, त्यामुळे हा आकडा कुणाला अवाजवी वाटत नाही. अकरा आकड्यांची सरासरी लगेच एका फुटाने वाढते, २९.३६ ची ३०.३६ होते. तिन्ही चतुर्थके मात्र जागची हलत नाहीत. टोकाचा आकडा कितीही ताणला तरी ओळीतला त्याचा क्रमांक तोच राहतो. पुराचे, पगाराचे, जमिनीच्या भावाचे आकडे सांगताना सरासरीपेक्षा मध्यक आणि चतुर्थके का वापरावीत, हे या एका खाडाखोडीतून कळते. इशारा आणि धोका पातळ्या मात्र शतमके नाहीत, हेही सांगून टाकावे. त्या प्रशासनाने ठरवलेल्या आहेत. यंदाचे दिवस कसे गेले यावर त्या बदलत नाहीत. शतमक मात्र प्रत्येक यादीचे वेगळे निघते.

अभ्यासक्रमात या विषयाची जागा जरा गमतीची आहे. २०१९ साली आलेल्या अकरावीच्या पुस्तकांत चतुर्थक, दशमक, शतमकांचे प्रकरण वाणिज्य शाखेच्या गणितात आहे. विज्ञान शाखेच्या पुस्तकात अपस्करणाचे प्रकरण आहे आणि त्यात भर विस्तार, विचरण, प्रमाण विचलन यांवर आहे. म्हणजे ज्यांचे अभियांत्रिकीचे आणि फार्मसीचे प्रवेश पर्सेंटाइलवर, म्हणजे शतमकाच्याच कल्पनेवर, ठरतात, त्यांनाच ती कल्पना नीट शिकायला मिळत नाही, आणि ज्यांना शिकायला मिळते त्यांना पर्सेंटाइलच्या निकालपत्राशी फारसे घेणेदेणे नसते.

वर्गीकृत आकड्यांचे सूत्र पाहून मुले बिचकतात, पण दहावीच्या बीजगणितात मध्यकासाठी तेच सूत्र येऊन गेलेले असते. फक्त एकूण वारंवारतेच्या निम्म्याऐवजी पाव, पाऊण किंवा हवा तो भाग घ्यायचा. ८० विद्यार्थ्यांच्या १०० गुणांच्या सराव परीक्षेचे काल्पनिक कोष्टक घेऊ : ० ते २० गुणांत ८ जण, २० ते ४० मध्ये २०, ४० ते ६० मध्ये २८, ६० ते ८० मध्ये १६ आणि ८० ते १०० मध्ये ८. संचित वारंवारता ८, २८, ५६, ७२, ८०. पहिले चतुर्थक विसाव्या विद्यार्थ्यापाशी येते. पहिल्या वर्गातले आठ मागे टाकले, आता पुढच्या वर्गातल्या वीस जणांपैकी बारा हवेत. म्हणून २० गुणांच्या रुंदीचा तेवढा भाग पुढे सरकायचे : २० अधिक १२, म्हणजे ३२ गुण. तिसरे चतुर्थक साठाव्या विद्यार्थ्यापाशी, ६५ गुणांवर. नव्वदावे शतमक ८० गुणांवर. आलेखाच्या कागदावर संचित वारंवारता वक्र काढला तर हीच उत्तरे पट्टीने वाचता येतात. उभ्या अक्षावर विसावर पट्टी ठेवायची, वक्रापर्यंत आडवे जायचे, तिथून खाली उतरायचे. सूत्राआधी वक्र शिकवला तर सूत्र पाठ करावे लागत नाही, असे म्हणायला हरकत नाही.

हाच वक्र उलटा वाचला, की निकालपत्रातला पर्सेंटाइल मिळतो. पंचाहत्तरावे शतमक कोणते, या प्रश्नाचे उत्तर गुणांत येते : ६५. ज्याला ६५ गुण आहेत तो कुठे उभा आहे, या प्रश्नाचे उत्तर जागेत येते : ७५ पर्सेंटाइल. एकाच वाटेने जाणे आणि येणे आहे, पण दोन्ही प्रश्नांना बोलताना एकच शब्द वापरला जातो, आणि त्यात टक्केवारीची भर पडली की घरातला संवाद पार गोंधळतो. या कोष्टकात ६५ टक्के आणि ७५ पर्सेंटाइल ही एकाच मुलाची दोन वर्णने आहेत. पेपर अवघड निघाला तर टक्के घसरतील; पर्सेंटाइल मात्र सगळ्यांचाच पेपर अवघड असल्यामुळे फारसा हलणार नाही.

बावड्यातल्या पालकांना हा फरक दरवर्षी प्रवेशाच्या कॅप राउंडच्या दिवसांत भेटतो. डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय गावातच आहे, आणि तिथले काय, इतरत्र काय, कटऑफ पर्सेंटाइलमध्ये लागतात. या प्रवेशांची परीक्षा, एमएचटी-सीईटी, २०१९ पासून संगणकावर, अनेक सत्रांत होते. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी, म्हणून कच्च्या गुणांची थेट तुलना करणे अन्यायाचे. त्यावर तोडगा असा, की प्रत्येक विद्यार्थी त्याच्या सत्रातल्या रांगेत कुठे आहे ते पाहायचे : तितके किंवा त्याहून कमी गुण मिळवणाऱ्यांची संख्या, भागिले सत्रातले एकूण परीक्षार्थी, गुणिले शंभर. जेईई मेनमध्येही हीच रीत आहे आणि तिथे उत्तर सात दशांश स्थळांपर्यंत देतात. या व्याख्येत विद्यार्थी स्वतःलाही मोजतो, त्यामुळे सत्रातला पहिला शंभर पर्सेंटाइलवर पोचतो, आणि सत्रे अनेक असल्यामुळे शंभरवालेही अनेक असतात. शंभर पर्सेंटाइल म्हणजे शंभर टक्के गुण, हा समज इथे गळून पडायला हवा. या रीतीमागे एक गृहीत आहे आणि ते वर्गात लपवू नये : सर्व सत्रांतले विद्यार्थी एकूण सारख्याच कुवतीचे आहेत. सत्रात हजारो मुले असतील तर ते बहुतेक खरे ठरते; पन्नास असतील तर भरवसा देता येत नाही.

पर्सेंटाइलांतली अंतरे सारखी नसतात, हेही वरच्या कोष्टकात दिसते. चाळिसाव्या शतमकापासून पन्नासाव्यापर्यंत जायला सहापेक्षाही कमी गुण पुरतात, कारण मधे गर्दी आहे. नव्वदाव्याच्या पुढचे शेवटचे दहा टक्के मात्र वीस गुणांत पसरले आहेत. म्हणून पर्सेंटाइलांची बेरीज, वजाबाकी, सरासरी करू नये. तीन विषयांच्या पर्सेंटाइलांची सरासरी हा एकूण गुणांचा पर्सेंटाइल नसतो. एकूण गुणांची रांग नव्याने लावावी लागते.

नाव पर्सेंटाइल आणि गणित भलतेच, असे राज्यात एकदा घडले आहे. २००८ साली अकरावीच्या प्रवेशात वेगवेगळ्या मंडळांची मुले एका पातळीवर आणण्यासाठी सरकारने ‘पर्सेंटाइल सूत्र’ आणले. विद्यार्थ्याच्या टक्क्यांना त्याच्या मंडळातल्या पहिल्या दहा जणांच्या सरासरीने भागून शंभराने गुणायचे, असे ते होते. यात रांग कुठेच नाही. आहे ते साधे गुणोत्तर. मुंबई उच्च न्यायालयाने ते सूत्र रद्द केले. अकरावीच्या मुलांना हे सूत्र देऊन त्यात काय खटकते ते शोधायला लावणे, हा दहा तयार उदाहरणांपेक्षा चांगला स्वाध्याय आहे. त्याला जोड म्हणून डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशाची २०२३ सालची नीट-पीजी परीक्षा घ्यावी. रिक्त जागा भरण्यासाठी तेव्हा पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली आणि शून्य गुणांवर डॉक्टर तज्ज्ञ होणार, असा गदारोळ उठला. शून्य पर्सेंटाइल म्हणजे रांगेची शेपटी; चुकीच्या उत्तराला गुण कापले जात असल्याने ती शून्य गुणांच्याही खाली असू शकते. निर्णयावर टीका करायची तर आधी एवढे कळले पाहिजे.

प्रवेशांपेक्षाही मोठा व्यवहार एका चतुर्थकावर झाला आहे, आणि त्याचा धागा बावड्याच्या नदीलाच लागतो. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटण्यासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने १८९४-९५ ते १९७१-७२ अशा ७८ वर्षांच्या येव्याची मालिका समोर ठेवली आणि ‘७५ टक्के विश्वासार्हते’चा येवा २०६० टीएमसी (अब्ज घनफूट) धरला. त्यातून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी मिळाले. ७५ टक्के विश्वासार्हता म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर वर्षांत निदान इतके पाणी येतेच. हे तिसरे चतुर्थक, असे बहुतेक मुले पटकन म्हणतात. चढत्या क्रमाने ओळ लावली की चूक कळते : पंचाहत्तर टक्के वर्षे या आकड्याच्या वर आहेत, खाली फक्त पंचवीस, म्हणजे हे पहिले चतुर्थक. पुढे ब्रिजेश कुमार लवादाने १९६१-६२ पासूनच्या ४७ वर्षांची मालिका घेतली आणि ६५ टक्के विश्वासार्हता मान्य केली. त्या मालिकेत ७५ टक्क्यांना २१७३, ६५ टक्क्यांना २२९३ आणि सरासरीने २५७८ टीएमसी पाणी येते. वर्गाच्या भाषेत पंचविसाव्या शतमकावरून पस्तिसाव्यावर गेल्याने वाटपाला १२० टीएमसी अधिक मिळाले आणि तुटीची वर्षे पंचवीस टक्क्यांवरून पस्तीसवर गेली. वाटप सरासरीवर बेतले तर जवळजवळ निम्मी वर्षे तुटीची जातात. शतमक कोणते निवडायचे हे गणित सांगत नाही. किती जोखीम सोसायची ते माणसांनी ठरवायचे असते.

बालरोगतज्ज्ञाकडच्या वाढीच्या तक्त्यावरही हीच मूल्ये रेषा होऊन बसलेली असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी जे तक्ते काढले, त्यांत उंचीच्या रेषा तिसऱ्या शतमकापासून सत्त्याण्णवाव्यापर्यंत आहेत. दहाव्या रेषेवरचे मूल नापास नसते. ते वर्षानुवर्षे त्याच रेषेला धरून वाढत असेल तर सहसा काळजी नाही, आणि पंचाहत्तराव्यावरून पंचविसाव्यावर घसरले तर डॉक्टर कारण शोधतात. परीक्षेच्या सवयीमुळे वरची रेषा म्हणजे चांगली असे मुले धरतात. वजनाचा तक्ता दाखवला की तो समज आपोआप उतरतो.

शेवटी शिक्षकाला हमखास येणारी एक अडचण. संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये पातळ्यांचे तेच अकरा आकडे घालून चतुर्थक मागितले, तर नेहमीचे सूत्र पहिले चतुर्थक २२.५ आणि तिसरे ३६ फूट सांगते; पुस्तकाच्या रीतीने ती २१ आणि ३८ होती. दोन्हींपैकी कोणी चुकलेले नाही. स्प्रेडशीट पहिल्या आणि शेवटच्या आकड्यांमधल्या दहा अंतरांचे चार भाग पाडते, पुस्तक दोन्ही टोकांना थोडी जागा सोडून बारा अंतरांचे. हाइंडमन आणि फॅन या संख्याशास्त्रज्ञांनी १९९६ साली अशा नऊ रीती एकत्र मांडल्या होत्या. आकडे हजारांत असले की हा फरक नगण्य होतो. अकरांत तो दीड-दोन फूट भरतो. परीक्षेत पुस्तकाचीच रीत वापरायची, आणि प्रकल्पवहीत उत्तराशेजारी कोणती रीत वापरली ते लिहायचे.