कुर्त्याला खिसा पेलतो
सुरतेच्या रिंग रोडवरील कापडबाजारातून आणलेले ड्रेस मटेरियल शिवायला टाकले की ‘कापड तलम आहे, खिसा पेलणार नाही’ असे हमखास ऐकू येते. पुरुषांच्या तलम सदऱ्याबद्दल असे कोणी म्हणत नाही. खिशाचा भार मुख्यतः शिवण पेलते, जसा पिशवीचा भार खुंटी. सुरतेचे पॉलिस्टर फिलामेंट (अखंड लांब तंतू) मजबूत असते. खरी अडचण शिवण सरकण्याची (ताणामुळे शिवणीजवळचे धागे बाजूला होण्याची). त्यासाठी माया (शिवणीबाहेर सोडलेले कापड) जास्त ठेवावी, खिसा बाजूच्या शिवणीत, कटच्या वर घ्यावा आणि त्याचे तोंड आतून सुती पट्टीने पक्के करावे. मोबाइल नि रिक्षाचे पैसे मुठीत धरून चालायची वेळ बाईवर का यावी? मात्र कापड बेतण्याआधीच खिशाचे शिंप्याला सांगावे. नंतर माया वाढवता येत नाही.